संग्रहाकडून निर्मितीकडे

प्रास्ताविक

खेळण्यातील मोटार दिसली, की ती एखाद्या मुलासाठी घेतली असावी, असे आपण सहज गृहीत धरतो. ती एखाद्या प्रौढ माणसाने स्वतःसाठी घेतली आहे, हे कळले तर पाहणाऱ्याला हसू येते. परंतु लहान लहान ठोकळे जोडून मोटारी, आगगाड्या, ट्रक यांच्या प्रतिकृती तयार करणे, त्यांचा संग्रह करणे आणि त्यांत फेरबदल करून त्यांना स्वतःचे रूप देणे, हा आज जगभरातील अनेक प्रौढांचा छंद आहे. हा छंद म्हणजे केवळ करमणूक आहे, की त्यातून काही ज्ञानही मिळते? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. त्यासाठी तमिळनाडूतील तंजावर या नगराची पार्श्वभूमी घेतली आहे. मराठी राजवटीचा वारसा लाभलेल्या या नगरात वस्तू जमवण्याची, त्यांच्या प्रतिकृती करण्याची आणि त्यांतून शिकण्याची परंपरा जुनी आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• साठा आणि संग्रह यांतील फरक सांगू शकाल;
• तंजावरच्या संग्रहपरंपरेची माहिती देऊ शकाल;
• प्रमाण म्हणजे काय, हे उदाहरणाने स्पष्ट करू शकाल;
• 'मूळ वस्तूचे जतन करावे की तीत बदल करावा' या प्रश्नावर स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

१. राजाचा संग्रह

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर येथे मराठी राज्याची स्थापना केली. हे राज्य १८५५ पर्यंत टिकले. या घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) हे विद्येचे मोठे चाहते होते. १७९९ मध्ये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला आणि राजांची सत्ता तंजावरचा किल्ला व त्याच्या परिसरापुरती उरली. सत्ता आटली, पण जिज्ञासा आटली नाही. सरफोजींनी संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखिते मिळवली. युरोपातून छापील ग्रंथ मागवले. चित्रे, नकाशे आणि शास्त्रीय उपकरणे जमवली. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या राजवाड्यातील ग्रंथालयाला त्यांनी वैभव प्राप्त करून दिले. हेच आजचे सरस्वती महाल ग्रंथालय होय. १९१८ मध्ये ते सर्वसामान्य वाचकांसाठी खुले झाले.

त्यांच्या संग्रहातील एक वस्तू आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ती म्हणजे हस्तिदंताचा मानवी सांगाडा. सरफोजींना शरीरशास्त्रात रस होता. परंतु खऱ्या मानवी अस्थी घरात ठेवणे तत्कालीन धर्मसमजुतींना धरून नव्हते. हस्तिदंती प्रतिकृतीने ही अडचण दूर केली. मूळ वस्तू जवळ ठेवता येत नाही, तेव्हा तिची प्रतिकृती शिकवते, हे या उदाहरणावरून लक्षात येते. आगगाडीचे इंजिन कोणी घरात आणू शकत नाही; मात्र त्याची प्रतिकृती हातात घेता येते, उलटी करून पाहता येते, सुटी करून पुन्हा जोडता येते.

येथे साठा आणि संग्रह यांतील फरक ध्यानात घ्यावा. मिळेल ती वस्तू आणून ठेवली, की साठा होतो. वस्तू निवडून घेतल्या, त्यांची वर्गवारी केली, कोणती वस्तू कोठून आली याची नोंद ठेवली आणि त्या पाहण्यासाठी इतरांना बोलावले, की संग्रह होतो. साठ्याला मालक पुरेसा असतो. संग्रहाला जाणकार लागतो.

२. कोलूच्या पायऱ्या

संग्रहाची आवड केवळ राजवाड्यातच होती असे नाही. नवरात्रात तमिळनाडूतील असंख्य घरांमध्ये 'कोलू' मांडतात. लाकडी पायऱ्या रचून त्यांवर स्वच्छ वस्त्र अंथरतात आणि बाहुल्यांची मांडणी करतात. पायऱ्यांची संख्या सामान्यतः विषम असते. वरच्या पायऱ्यांवर देवदेवता, त्याखाली संत व राजेराण्या आणि सर्वांत खाली बाजार, लग्नसोहळा, शेती अशी रोजच्या जीवनातील दृश्ये असतात. दरवर्षी निदान एक तरी नवी बाहुली आणावी, असा अनेक घरांचा प्रघात आहे. त्यामुळे आजीच्या बाहुलीशेजारी नातीची बाहुली उभी राहते आणि घराचा इतिहास पायऱ्यांवर दिसू लागतो.

पायऱ्यांसमोरची मोकळी जमीन मात्र मुलांची असते. तेथे माती पसरून ती बाग करतात, धान्य पेरून हिरवळ उगवतात, आरशाचे तळे करतात आणि रस्ते आखून खेळण्यातील मोटारी उभ्या करतात. महाराष्ट्रातील वाचकाला यावरून दिवाळीतील किल्ल्याची आठवण होईल. दगडमातीचा किल्ला, त्यावर मावळे, सिंहासनावर महाराज आणि पायथ्याच्या रस्त्यावर एखादी बस! इतिहासाच्या दृष्टीने हा मेळ बसत नाही. पण मुलाने आपल्या काळाची वस्तू त्यात घालून तो किल्ला आपलासा केलेला असतो. तयार वस्तूत स्वतःची भर घालण्याची ही ओढ हाच ठोकळ्यांच्या छंदाचा गाभा आहे.

तंजावरचे कारागीरही प्रतिकृतींच्या कामात वाकबगार आहेत. मान आणि कंबर डोलवणारी नर्तकी आणि कितीही ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी राजाराणीची जोडी, या तंजावरच्या बाहुल्या देशभर प्रसिद्ध आहेत. त्यांना २००८-०९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडे बाशिंगे करण्यासाठी वापरतात त्या भेंडापासून तेथील कारागीर बृहदीश्वर मंदिराच्या हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या शुभ्र प्रतिकृती कोरतात. राजराज चोळाने बांधलेले आणि १०१० मध्ये पूर्ण झालेले हे भव्य मंदिर त्यामुळे तळहातावर मावू शकते. या भेंडकामालाही २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पाठगत प्रश्न १
(अ) रिकाम्या जागा भरा.
  १. सरस्वती महाल ग्रंथालय ______ मध्ये सर्वसामान्य वाचकांसाठी खुले झाले.
  २. कोलूच्या पायऱ्यांची संख्या सामान्यतः ______ असते.
(आ) सरफोजींना हस्तिदंती सांगाड्याची गरज का भासली?

३. डेन्मार्कहून आलेला ठोकळा

डेन्मार्क हा देश तंजावरला अपरिचित नव्हता. १६२० मध्ये तंजावरचे राजे रघुनाथ नायक यांच्याशी करार करून डॅनिश व्यापाऱ्यांनी तरंगंबाडी येथे वखार व किल्ला उभारला. १८४५ मध्ये त्यांनी हे ठाणे इंग्रजांना विकले. सरफोजींना घडवणारे जर्मन मिशनरी श्वार्त्झ १७५० मध्ये याच तरंगंबाडीत उतरले होते. जोडणीच्या ठोकळ्यांचा जन्मही याच डेन्मार्कमध्ये झाला.

तेथील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्टियानसेन नावाचे सुतार राहत असत. जागतिक मंदीमुळे सुतारकाम मिळेना, म्हणून १९३२ मध्ये ते लाकडी खेळणी तयार करू लागले. पुढे त्यांनी आपल्या उद्योगाला 'लेगो' हे नाव दिले. 'चांगले खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून हे नाव बनले आहे. १९४९ मध्ये त्यांच्या कारखान्यातून प्लास्टिकचे पहिले ठोकळे बाहेर पडले; परंतु ते एकमेकांना घट्ट धरून राहत नसत. १९५८ मध्ये ठोकळ्याच्या पोकळ भागात नळ्या बसवण्याची युक्ती सापडली. एका ठोकळ्यावरील गोल बटणे दुसऱ्याच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये घट्ट बसू लागली. १९६२ मध्ये या ठोकळ्यांना चाके मिळाली आणि वाहने धावू लागली. १९५८ मधील ठोकळा आजच्या ठोकळ्यावरही व्यवस्थित बसतो, हे या कल्पनेचे खरे यश आहे.

या ठोकळ्यांमागे गणितही आहे. प्रत्येकी आठ बटणांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात. तीन ठोकळे घेतले, तर ही संख्या १,०६० होते आणि सहा ठोकळ्यांसाठी ती ९१,५१,०३,७६५ इतकी भरते! पूर्वी सहा ठोकळ्यांसाठी १०,२९,८१,५०० ही संख्या सांगत असत. परंतु तीत एकावर एक रचलेले सहा मजली आकारच मोजले होते. पुढे डॅनिश गणितज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने सर्व आकार मोजले आणि ती दुरुस्त केली. मूठभर ठोकळ्यांतून इतके आकार निघत असतील, तर खोक्यावर छापलेले चित्र ही त्यांपैकी केवळ एक शक्यता ठरते.

४. खोक्यात नसलेली रिक्षा

बाजारात मिळणाऱ्या संचांत शर्यतीच्या मोटारी, अग्निशमन गाड्या, क्रेन असतात. तंजावरच्या रस्त्यावर धावणारी पिवळी ऑटोरिक्षा मात्र त्यांत सहसा नसते. ती हवी असेल, तर संग्राहकाला निर्माता व्हावे लागते. तो हे काम कसे करतो, ते पाहू.

प्रथम तो मोजमापे घेतो. रिक्षाची लांबी सुमारे २.६ मीटर, रुंदी १.३ मीटर आणि उंची १.७ मीटर असते. त्यानंतर तो प्रमाण ठरवतो. १ : ४० हे प्रमाण घेतले, तर खऱ्या वस्तूचे ४० सेंटीमीटर म्हणजे प्रतिकृतीचा १ सेंटीमीटर होय. या हिशेबाने लांबी ६५ मिलिमीटर, रुंदी ३२.५ मिलिमीटर व उंची ४२.५ मिलिमीटर येते.

आता ही मापे ठोकळ्यांच्या भाषेत सांगायची असतात. दोन शेजारच्या बटणांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ८ मिलिमीटर असते. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि चपट्या पट्टीची ३.२ मिलिमीटर असते. म्हणजे तीन पट्ट्या मिळून एक ठोकळा होतो. म्हणून रिक्षा ८ बटणे लांब, ४ बटणे रुंद आणि चाकांसह १३ पट्ट्या उंच असावी लागते. थोडाफार फरक राहतो, पण डोळ्यांना तो खटकत नाही.

खरी कसोटी पुढच्या चाकाची असते. रिक्षाला पुढे एकच चाक असते आणि ते बरोबर मध्यावर हवे. चार बटणांच्या रुंदीचा मध्य दोन बटणांच्या मधोमध येतो. तेथे बटणच नसते. अशा वेळी दोन बटणांच्या जागेवर मध्ये एकच बटण असलेली खास पट्टी उपयोगी पडते. ती जोडणीला अर्ध्या बटणाने, म्हणजे ४ मिलिमीटरने सरकवते आणि चाक मध्यावर येते. ही युक्ती एकदा हाताला सापडली, की पुढे ती अनेक ठिकाणी कामी येते.

शेवटी येतो रंग. छत, पुढचा भाग आणि पाठ पिवळी केली, तर ती तमिळनाडूची रिक्षा होते. काळ्या अंगावर पिवळे छत चढवले, तर तीच मुंबईची होते. एवढ्याशा बदलाने प्रतिकृतीला गाव मिळते.

५. बाहुलीने शिकवलेला तोल

तयार झालेली रिक्षा वळणावर कलंडते, असा अनुभव येऊ शकतो. तीन चाकांचा आधार त्रिकोणी असतो, म्हणून ती चारचाकीपेक्षा लवकर तोल गमावते. यावरील उपाय तंजावरची बाहुली सांगते. राजाराणीच्या बाहुलीचा तळ गोलाकार व जड असतो, तर वरचा भाग हलका असतो. त्यामुळे तिचा गुरुत्वमध्य अगदी खाली राहतो. बाहुली कलली, की तळाचे वजन तिला पुन्हा मूळ स्थितीकडे ओढते. वाहन बाहुलीप्रमाणे आपोआप उठून उभे राहणार नाही. पण जड तुकडे तळाशी आणि हलके तुकडे छताकडे ठेवले, तर ते सहजासहजी कलंडणारही नाही. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात एका परिच्छेदात वाचलेला नियम येथे बोटांना कळतो.

पाठगत प्रश्न २
(अ) योग्य पर्याय निवडा.
  एका ठोकळ्याच्या उंचीइतक्या होण्यासाठी किती पट्ट्या लागतात? (दोन / तीन / पाच)
(आ) १ : ४० या प्रमाणात २ मीटर उंचीच्या वाहनाची प्रतिकृती किती सेंटीमीटर उंच होईल?
(इ) राजाराणीची बाहुली पुन्हा उभी का राहते?

६. जतन की बदल?

या छंदात दोन विचार आढळतात. काही संग्राहक संचाचे खोकेही उघडत नाहीत. वस्तू मूळ स्वरूपात राहिली, तरच तिचे मोल टिकते, असे ते मानतात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की जोडण्यासाठी केलेली वस्तू न जोडणे म्हणजे पुस्तक न वाचता कपाटात ठेवणे होय.

दोन्ही विचारांत तथ्य आहे. जे पुन्हा मिळणार नाही, ते जपलेच पाहिजे. कारागिराने रंगवलेल्या जुन्या बाहुलीवर नवा रंग फासणे ही सुधारणा नव्हे. ती हानी होय. याउलट ठोकळ्यांचे वाहन सुटे करून पुन्हा जसेच्या तसे जोडता येते. तेथे बदल करताना काहीच गमवावे लागत नाही. म्हणून बदल करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हे पूर्ववत करता येईल का? उत्तर 'होय' असेल, तर हात मोकळा सोडावा. 'नाही' असेल, तर आवरावा.

खर्चाचा विचारही टाळता येत नाही. नामांकित संच महाग असतात आणि अनेक कुटुंबांना ते परवडत नाहीत. परंतु हा छंद एका कंपनीच्या खोक्यावर अवलंबून नाही. ठोकळ्याच्या मूळ रचनेवरील हक्काची मुदत पूर्वीच संपली आहे. ठोकळ्याचा आकार व्यापारचिन्ह म्हणून एकाच कंपनीसाठी राखून ठेवता येणार नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये दिला. त्यामुळे इतर उत्पादकांचे ठोकळेही बाजारात मिळतात. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक आहे. खरेदी करताना ते पाहून घ्यावे. नोंदणीकृत हस्तकला कारागीर व भौगोलिक मानांकन असलेली खेळणी यांना या नियमातून सूट दिलेली आहे. ज्याच्याजवळ एकही ठोकळा नाही, त्याला पुठ्ठा, आगपेट्या आणि बाटल्यांची झाकणे यांपासूनही प्रमाणबद्ध वाहन करता येते. मोजमाप, प्रमाण आणि तोल यांसाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

एक साधी वही मात्र प्रत्येक संग्राहकाजवळ असावी. वाहनाचे नाव, ते जोडल्याची तारीख, वापरलेले तुकडे, केलेला बदल आणि त्याचे कारण, एवढे तीत लिहावे. फसलेला प्रयत्नही नोंदवावा. पुढच्या वेळी तोच वाट दाखवतो. सरस्वती महालातील ग्रंथांना सूचीमुळे शिस्त आली. घरच्या फळीवरील दहा वाहनांना ती या वहीमुळे येते.

ज्यांचे शिक्षण काही कारणाने मध्येच थांबले, त्यांना वाटते, की शिकण्याची जागा एकच आणि तिचा दरवाजा बंद झाला. हातांनी काम करणारा माणूस मात्र रोज मोजतो, जोडतो, चुका शोधतो आणि दुरुस्त करतो. गवंडी, सुतार, शिंपी, गॅरेजमधील कामगार यांना प्रमाण व तोल यांचे ज्ञान असतेच; कित्येकदा त्यांना त्याचे पुस्तकी नाव तेवढे ठाऊक नसते. छंदाची वही लिहिताना ते नावही सापडते. वस्तू जमवणारा माणूस वस्तूंचा मालक होतो. त्या समजून घेऊन नवे घडवणारा माणूस ज्ञानाचा वारसदार होतो.

तुम्ही काय शिकलात?
• निवड, वर्गवारी आणि नोंद यांमुळे साठ्याचा संग्रह होतो.
• मूळ वस्तू जवळ ठेवता येत नाही, तेव्हा प्रतिकृती ज्ञानाचे साधन ठरते.
• ठोकळ्यांचे वाहन करताना मोजमाप, प्रमाण आणि गुरुत्वमध्य यांचा उपयोग होतो.
• पूर्ववत करता येईल तेथे बदल करावा. करता येणार नाही तेथे जतन करावे.

शब्दार्थ
प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी केलेली दुसरी वस्तू
वाकबगार – निष्णात, तरबेज
प्रघात – रूढी, चालत आलेली पद्धत
भेंड – पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीचा पांढरा, हलका गाभा
भौगोलिक मानांकन – विशिष्ट प्रदेशाची ओळख असलेल्या वस्तूला मिळणारी कायदेशीर मान्यता
पूर्ववत – पहिल्यासारखे

भाषाभ्यास
'संग्रह' या शब्दापासून संग्राहक, संग्राह्य, संग्रहालय हे शब्द तयार झाले आहेत. त्याचप्रमाणे 'निर्माण' व 'लेखन' या शब्दांशी संबंधित प्रत्येकी तीन शब्द लिहा.
'भर घालणे', 'आपलेसे करणे', 'हात आवरणे' या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

स्वाध्याय
१. 'साठ्याला मालक पुरेसा असतो. संग्रहाला जाणकार लागतो,' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. तंजावरचा कोलू आणि महाराष्ट्रातील दिवाळीचा किल्ला यांतील साम्य व भेद लिहा.
३. तुमच्या गावातील एखाद्या वाहनाची मापे घेऊन १ : ४० या प्रमाणात त्याच्या प्रतिकृतीची लांबी, रुंदी व उंची काढा.
४. तुमच्या व्यवसायात किंवा घरकामात प्रमाण व तोल यांचा उपयोग कोठे होतो, ते आठ ते दहा वाक्यांत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे
१. (अ) १. १९१८ २. विषम
(आ) त्यांना शरीरशास्त्रात रस होता. परंतु खऱ्या अस्थी घरात ठेवणे तत्कालीन धर्मसमजुतींना धरून नव्हते.
२. (अ) तीन
(आ) ५ सेंटीमीटर
(इ) गोलाकार, जड तळामुळे तिचा गुरुत्वमध्य खाली राहतो आणि तळाचे वजन तिला मूळ स्थितीकडे ओढते.